न बसणाऱ्या टोप्या

प्रमोदिनीने घरातून शेंगदाणा हद्दपार केला तेव्हा अनंतरावांना हसू आवरेना. कुटाचा डबा, तेलाचा कॅन, चिक्कीचं फोडलेलं पाकीट, लसणाच्या चटणीची बरणी, सगळं तिने एका पोत्यात भरलं आणि गच्चीवरच्या खोलीत नेऊन ठेवलं. मग ओटा धुतला. पुसून पाहिला, परत धुतला. मिक्सरचं भांडं नवं आणलं, चाळणी नवी आणली.

"एका पोरीच्या केकसाठी घर सोवळ्यात घातलंस की," अनंतराव म्हणाले.

"सोवळंच समजा. आणि ओट्याला हात लावायचा नाही."

ती हसली नाही. फडकं पिळून तिने ओटा तिसऱ्यांदा पुसायला घेतला.

प्रमोदिनीची बरीच वर्षं ज्युनियर कॉलेजात गणित शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर तिला केकचा नाद लागला, आणि केकवर गुलाबाची फुलं काढायचा कंटाळा आला म्हणून ती आकृत्या काढू लागली. मकबऱ्याच्या दगडी जाळीतले षटकोन, एकात एक गुंतलेले तारे, शंखासारखी उलगडत जाणारी वळणं. सिडकोतल्या ओळखीच्या बायका आधी तोंड वाकडं करायच्या, मग फोटो काढायच्या, मग ऑर्डर द्यायच्या. त्यातच एकदा कावेरी आली.

कावेरी तिची जुनी विद्यार्थिनी. हर्सूलला शेतीवाल्यांच्या घरात दिलेली, आता स्वतः एका पतपेढीत नोकरीला. तिची मुलगी गिरिजा पाचवीत होती आणि तिला शेंगदाणा चालत नव्हता. चालत नव्हता म्हणजे साधं अंगावर पित्त उठत नव्हतं. बिडकीनला कुणाच्या तरी लग्नात वांग्याच्या भाजीतला कूट तिच्या पोटात गेला आणि घशाला सूज येऊन पोरगी निळी पडली होती. गाडीत घालून शहरात आणेपर्यंत कावेरी काय काय बोलली, तिने कुणाकुणाला हाका मारल्या, ते तिचं तिलाच आठवत नव्हतं. तेव्हापासून तिच्या पर्समध्ये औषध आणि इंजेक्शनची भरलेली सुई असायची. गिरिजा कुणाच्याही वाढदिवसाला जायची ती आपला डबा घेऊन. मुलं केक खायची आणि ही कोपऱ्यात बसून घरच्या पुऱ्या.

"एकदा तरी तिला सगळ्यांबरोबर केक खायचाय, मॅडम," कावेरी म्हणाली होती. "दुसऱ्या कुणाच्या हातचं मी देतच नाय. तुम्ही केला तर देईन."

तेव्हा प्रमोदिनीला अभिमान वाटला होता. आता तेच वाक्य रात्रंदिवस कानात वाजत होतं.

गिरिजाला कोडी आवडतात, म्हणून केकही तिने तसाच योजला. खाली पसरट चौकोनी केक, त्यावर पांढरं क्रीम. आणि वेगळ्या डब्यात बिस्किटांच्या फरश्या. गिरिजाने त्या आपल्या हाताने क्रीमवर बसवायच्या आणि नक्षी पुरी करायची. फरशीचा आकार तेरा बाजूंचा, जरा वेडावाकडा, चेंगरलेल्या टोपीसारखा. गणितवाल्यांना तो अलीकडेच सापडला होता. त्याची गंमत अशी की या एकाच आकाराने कितीही मोठी जमीन फटी न ठेवता भरता येते, पण नक्षी म्हणून कधी पुन्हा तीच येत नाही. फक्त मध्ये मध्ये काही टोप्या पालथ्या घालाव्या लागतात, आरशात दिसतात तशा. शहागंजातल्या पत्र्याच्या कारागिराकडून प्रमोदिनीने साचा करून घेतला. सरळ टोप्या साध्या पिठाच्या, फिक्या. पालथ्या टोप्या कोको घातलेल्या, तपकिरी. तपकिरी पीठ साच्याने कापायचं, मग प्रत्येक तुकडा उलटून ताटात ठेवायचा. भाजल्यावर वरच्या अंगाला साखरेची बारीक रेघ. म्हणजे मुलांना वरची बाजू कळावी.

रविवारी दुपारी बारा वाजायच्या आत गिरिजाचे वडील, बद्रीनाथ, गाडी घेऊन आले. केकची पेटी आणि फरश्यांचा डबा त्यांनी स्वतः मांडीवरच्या लेकरासारखा धरून नेला. "मॅडम, तुम्ही पण चला ना," ते म्हणाले. ती नको म्हणाली. पाठ दुखत होती, आणि खरं म्हणजे गिरिजा पहिला घास घेईल तेव्हा तिथं उभं राहायची तिची छाती नव्हती.

गाडी वळणापलीकडे गेली तेव्हा कुठे तिने पंखा लावला आणि दोघं जेवायला बसली.

"एकही फरशी वाकडी भाजली नाही," ती म्हणाली. "मला वाटलं होतं चार-दोन तरी मोडतील."

अनंतराव भातावर वरण घेत होते. ते गालातल्या गालात हसले.

"काय झालं?"

"काही नाही. तुला कळलंसुद्धा नाही, म्हणजे मला जमलं म्हणायचं."

"काय जमलं?"

"अगं, सकाळी तू आंघोळीला आणि मग पूजेला गेलीस ना, तेव्हा मी पेटी सरकवायला गेलो आणि कोपर लागलं ताटाला. तपकिरीतल्या तीन-चार पडून मोडल्या. म्हटलं, आता ही घर डोक्यावर घेणार. मग फ्रीजरमध्ये तो पिठाचा रोल होता ना तपकिरी, तो घेतला. साचा तिथंच होता. ओव्हन गरमच होता. साखरेची रेघसुद्धा ओढली मी. तू बाहेर आलीस तोवर डब्यात."

प्रमोदिनीचा हात ताटात तसाच राहिला.

"कुठला रोल?"

"तोच. कागदात गुंडाळलेला."

तो रोल मागच्या आठवड्यातला होता. शेंगदाण्याचं लोणी घातलेल्या बिस्किटांचा. पोतं भरताना तिने फ्रीजर उघडला होता, रोल पाहिला होता, आणि 'गोठलेला आहे, त्याला कोण हात लावतंय' असं म्हणून दार लावलं होतं. ते दार लावतानाचा आवाजसुद्धा तिला आता आठवला.

"अहो," ती म्हणाली. ती ताटावरून उठली. अनंतरावांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू आपोआप विरलं.

"त्यात होतं?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"डब्यात किती गेल्या? तीन की चार?"

"तीन. नाही, एक जास्तीची केली. म्हणजे चार कापल्या असतील. का पाच? प्रमोदिनी, मला आठवत नाही गं."

कावेरीचा फोन वाजून वाजून बंद झाला. बद्रीनाथचा लागला, पण कुणी उचलला नाही. परत कावेरी. परत बद्रीनाथ. वाढदिवसाचं घर, गाणी लावलेली असणार, फोन कुठेतरी गादीखाली. तिने उष्ट्या हातानेच संदेश लिहिला, 'केक खाऊ देऊ नका', आणि खरकटा हात नळाखाली धरता धरता स्कूटरची किल्ली शोधली.

"मी येतो," अनंतराव म्हणाले. ते चपला शोधायला लागले.

"तुम्ही फोन लावत राहा. थांबू नका. लागला की पहिलं वाक्य तेच सांगा, बाकी काही नाही."

सिडकोतून जळगाव रस्त्याला लागेपर्यंत ठीक होतं. पुढे पाण्याच्या पाइपलाइनसाठी खणून ठेवलेलं, एकच बाजू चालू, आणि त्या एका बाजूला रविवारी सहलीला निघालेल्या गाड्या. प्रमोदिनी एका ट्रॅव्हल्सच्या बसमागे अडकली. बसचा धूर तोंडावर येत होता. तिने हॉर्न दाबून धरला. पुढचा रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "खाला, उडके जाना है क्या?"

आणि तशात तिचं डोकं हिशेब करू लागलं. एवढ्या फरश्यांत चार किंवा पाच. एका मुलीच्या वाट्याला दोन, फार तर तीन. त्यातली एक नेमकी हीच असण्याची शक्यता किती? कमी. बरीच कमी. असलं गणित तिने मुलांना शेकडो वेळा घातलं होतं, लाल-निळे चेंडू आणि पिशवी. 'म्हणजे बहुधा काही होणार नाही,' असं कुणीतरी आत म्हणालं, आणि तिला स्वतःची किळस आली. चेंडू नव्हते ते. आणि त्या चार फरश्या इतरांना चिकटून डब्यात बसलेल्या, त्यांचा चुरा सगळ्यांवर सांडलेला. डबा अख्खाच गेला होता.

तरीही हर्सूलच्या चौकापर्यंत दुसरा एक विचार तिच्या मागे लागलाच. गडबड न करता आत जायचं. 'एक फरशी चुकीची आली आहे' म्हणायचं, हसत हसत डबा उचलायचा. कुणाला कळणार नाही. कावेरीचा विश्वास मोडणार नाही. अनंतरावांचं नाव निघणार नाही.

कावेरीचं घर तलावाच्या अलीकडच्या गल्लीत. दारात चपलांचा ढीग होता आणि फुग्यांची कमान. आत स्पीकर इतका मोठा की भिंत हादरत होती. टेबलाभोवती पोरांचा गराडा पडला होता. केक अजून कापलेला नव्हता. ते पाहून प्रमोदिनी चपला न काढताच आत शिरली.

"मॅडम!" गिरिजा ओरडली. निळा फ्रॉक, केसांत चमकीची पिन. अर्ध्याहून जास्त क्रीम तिने फरश्यांनी झाकलं होतं, आणि तेही बरोबर. "बरं झालं आलात. यातल्या काही बसतच नाहीत. बघा ना."

तिच्या उजव्या हाताशी एका ताटलीत तपकिरी फरश्या वेगळ्या काढून ठेवलेल्या होत्या.

"सगळ्या तपकिरी पालथ्या असतात, हो ना? मी खूप फिरवून बघितलं. या सरळ आहेत. फिक्यांसारख्या. रंग चुकलाय यांचा."

ते बरोबरच होतं. अनंतरावांनी पीठ कापलं, पण उलटलं नव्हतं. त्यांना ते ठाऊकच नव्हतं.

"ती तर बंडी दिसती," गिरिजाची आजी, लक्ष्मीबाई, पलंगावरून म्हणाल्या. "टोपी कुठं हाय?"

सगळे हसले. कावेरी स्वयंपाकघरातून सुरी पुसत येत होती. "मॅडम, आलात! आत्ताच कापणार होतो."

ताटली हातभर अंतरावर होती. प्रमोदिनीने ती उचलली. आता डबा घ्यायचा, केक बदलून आणते म्हणायचं, आणि निघायचं. शब्द जिभेवर तयार होते. तेवढ्यात गिरिजाने बोटाला लागलेलं क्रीम चाटलं. ज्या हाताने तिने त्या फरश्या फिरवून फिरवून बसवायचा प्रयत्न केला होता, त्याच हाताचं बोट.

"गिरिजा, नको!" प्रमोदिनी एवढ्या जोरात किंचाळली की कुणीतरी स्पीकर बंद केला. "कावेरी, यात शेंगदाणा आहे. या ताटलीतल्या फरश्यांत. सगळ्या डब्याला लागलाय. तिने बोट चाटलंय."

कावेरीच्या हातातली सुरी टेबलावर पडली.

"आधीपण चाटलं का?" तिने लेकीला विचारलं.

"दोनदा," गिरिजा म्हणाली. "क्रीमच होतं फक्त." मग तिने ओठांना हात लावला. "मम्मी, खाजतंय."

त्यानंतर कावेरीने जे केलं ते पाहून प्रमोदिनीला वाटलं, ही बाई रोज रात्री झोपण्याआधी हेच मनात घोकत असणार. तिने ओरडाआरडा केला नाही. मुलीला मोरीत नेऊन चूळ भरायला लावली, हात धुतले, पातळ औषध पाजलं. बद्रीनाथ तोवर गाडी काढत होते. गिरिजाच्या गळ्यावर लाल चट्टे उठले. ती खोकली, आणि खोकल्याचा आवाज घोगरा, बसलेला आला. तो ऐकताच कावेरीने तिला पलंगावर आडवं केलं, फ्रॉक वर सारला आणि मांडीत सुई टोचली. पोरगी रडली. लक्ष्मीबाई नातीचे पाय धरून बसल्या होत्या. "आमच्या टायमाला असलं काय नव्हतं," हे त्या एरवी नेहमी म्हणायच्या. आता त्यांच्या तोंडून देवाचं नावही नीट निघत नव्हतं.

प्रमोदिनी भिंतीला टेकून उभी होती, ताटली अजून हातात. कावेरी गिरिजाला कडेवर घेऊन दाराकडे निघाली आणि वळली.

"मॅडम, चला. त्यात काय काय घातलं होतं ते डॉक्टरला तुम्हीच सांगा."

प्रमोदिनी गाडीत पुढे बसली. गिरिजाचा श्वास शीळ घातल्यासारखा वाजत होता, आणि प्रमोदिनी प्रत्येक श्वास ऐकत होती. एक आला की पुढचा येईपर्यंत तिचा स्वतःचा अडकायचा. हर्सूलच्या चौकात सिग्नल लाल होता. बद्रीनाथनी तो पाहिलाच नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी मुलीला आत घेतलं, ऑक्सिजनचा मास्क लावला, हाताला सलाईन लावलं. प्रमोदिनीने सगळं सांगितलं, रोलपासून चुऱ्यापर्यंत. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इंजेक्शन घरीच दिलं ते फार बरं झालं. उतरेल. पण आजची रात्र ठेवू. कधी कधी थोड्या तासांनी परत उठतं."

परत उठतं. ते दोन शब्द घेऊन ती बाहेरच्या बाकावर बसली. फोन पाहिला तर अनंतरावांचे ढीगभर कॉल. तिने लावला.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता.

"श्वास सुधारतोय. अजून नक्की नाही."

"मी फाटकापाशी आहे. बद्रीनाथनी फोन उचलला शेवटी, त्यांनी सांगितलं कुठला दवाखाना ते. आत यायला धजत नाही."

तिने खिडकीतून पाहिलं. रसवंतीच्या शेजारी, उन्हात, डोक्याला काही न बांधता ते उभे होते. पायात दोन वेगळ्या चपला.

थोड्या वेळाने कावेरी बाहेर आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिच्या ओढणीला क्रीम लागलं होतं.

"चट्टे उतरायला लागलेत," ती म्हणाली. "पाणी मागतीय."

प्रमोदिनीने डोळे मिटले.

"मॅडम, एक विचारू? ताटली तुमच्या हातात होती. मी बघितलं. तुम्ही गुपचूप घेऊन जाणार होता का?"

खोटं बोलायची ही शेवटची जागा होती. "हो," प्रमोदिनी म्हणाली. "रस्ताभर तेच मनात होतं. बोट चाटलं नसतं तर कदाचित नेलंही असतं."

कावेरी ओढणीवरचं क्रीम नखाने खरवडत राहिली. समोरच्या भिंतीवर हात धुण्याची चित्रं लावलेली होती.

"नेलं असतं तर घसा बसल्यावर मला वाटलं असतं, सर्दी झाली," ती शेवटी म्हणाली. "मी सुई टोचलीच नसती. तुम्ही ओरडलात म्हणून टोचली." मग म्हणाली, "पण आता तुमच्या हातचं मी तिला देणार नाय. राग म्हणून नाय. मला झोप लागायची नाय."

"देऊ नकोस," प्रमोदिनी म्हणाली. "मीही करणार नाही." दुखलं, पण ते दुखणं तिला योग्यच वाटलं. "तो रोल मी पाहिला होता, कावेरी. फ्रीजरमध्ये. पाहून तसाच ठेवला. ह्यांचं चुकलं ते नंतर. आधी माझं."

"काकांनी केलं व्हय ते?" कावेरीने पहिल्यांदाच तिच्याकडे वळून पाहिलं. "कुठं हायेत ते?"

"फाटकापाशी."

कावेरी उठली. प्रमोदिनीला वाटलं, आता ही खाली जाऊन भर रस्त्यात त्यांना बोलणार, आणि बोलली तरी आपण मध्ये पडायचं नाही. ती खिडकीपाशी गेली. कावेरी फाटकापाशी पोचली. अनंतरावांनी हात जोडले. ती काहीतरी म्हणाली. मग रसवंतीवाल्याकडून पाण्याचा ग्लास घेऊन तिने त्यांच्या हातात दिला, आणि ते प्यायला लागले तसे त्यांच्या सदऱ्यावर सगळं पाणी सांडलं.

संध्याकाळी एकेकाला आत सोडलं. अनंतराव पलंगापासून लांबच उभे राहिले. गिरिजाचा मास्क काढला होता, आवाज अजून खरखरीत होता.

"काका, तुम्ही उलटायचं विसरलात," ती म्हणाली.

"मला माहीतच नव्हतं, बाळा. मला वाटलं, आकार तोच, मग काय फरक पडतो?"

"पडतो. कशीही फिरवा, बसत नाही. म्हणून तर मी बाजूला काढल्या." तिला खोकला आला, आणि खोलीतले सगळे एकदम पुढे झाले. खोकला साधाच होता. नर्सने पाणी दिलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

प्रमोदिनी त्या रात्री घरी गेली नाही. कावेरीने दोनदा जा म्हणून सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या, आणि आतून जराशी हालचाल झाली की दोघी एकदम उठायच्या. परत काही उठलं नाही. सकाळी डॉक्टरांनी तपासून घरी न्यायला हरकत नाही म्हटलं, तेव्हा कावेरी पहिल्यांदा रडली, तीही उभ्या उभ्याच, पर्स छातीशी धरून. प्रमोदिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला. कावेरीने तो झटकला नाही.

बद्रीनाथनी गाडी दाराशी आणली. गिरिजा खिडकीशी बसली. भूक लागली, असं ती सांगत होती, आणि आज्जीला थालीपीठ लावायला सांगा, असंही. गाडी निघाली. प्रमोदिनी आणि अनंतराव फाटकापाशी उभे राहिले, वळणावर ती दिसेनाशी होईपर्यंत, आणि नंतरही थोडा वेळ.

"स्कूटर हर्सूललाच आहे," प्रमोदिनी म्हणाली.

"रिक्षाने जाऊ. आणू."

"आधी घरी. तो रोल टाकायचाय."

रिक्षात बसल्यावर अनंतरावांनी हळूच विचारलं, "ती पोरगी परत कधी येईल का आपल्याकडे?"

"आली तर आपला डबा घेऊन येईल," प्रमोदिनी म्हणाली, आणि दवाखान्याच्या खिडक्या दिसेनाशा होईपर्यंत ती मागे वळून पाहत राहिली.